वेरोकाका

इटालियन शिकताना सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, असं लोक मला विचारतात. 'क्रियापदांचा' हे उत्तर त्यांना अपेक्षित असतं. मला क्रियापदांनी कधी त्रास दिला नाही. मला त्रास दिला डोंबिवलीच्या एका निवृत्त गृहस्थांनी, वर्षभर, शेजारच्या खुर्चीवर बसून.

नाव सांगत नाही. ते हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि हे वाचलं तर फोन करून चुका सांगतील. वर्गात आम्ही त्यांना वेरोकाका म्हणायचो. 'वेरो' म्हणजे खरं. 'नोन ए वेरो' म्हणजे 'हे खरं नाही.' बाकीच्या माणसांच्या तोंडात जसं 'अच्छा' असतं, तसं काकांच्या तोंडात 'नोन ए वेरो' असायचं.

विद्यापीठाच्या ठाण्यातल्या केंद्रात इटालियन भाषा आणि संस्कृतीचा पदविका वर्ग संध्याकाळी भरायचा. आम्ही बहुतेक कॉलेजची मुलं, एखाद-दुसरा नोकरदार आणि काका. मॅडम इटलीत शिकून आलेल्या, उत्साही. पहिल्याच दिवशी त्यांनी गंमत म्हणून प्रत्येकाला इटालियन नाव दिलं. मी जूलिया झाले. काकांना त्यांनी मार्को म्हटलं.

काका उभे राहिले. "मॅडम, मला नाव आहे."

"आहे हो काका. वर्गापुरतं."

"वर्गापुरतं बदलत नाही ना ते. बाकीच्यांची गंमत चालू द्या. मी मार्को नाही."

भाषेचा वर्ग ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक असेल, तिथला सगळा कारभार खोट्यावरच चालतो. वीस वर्षांची पोरगी सांगते, मी सर्जन आहे. जो कधी मुंब्र्याच्या पलीकडे गेलेला नाही तो सांगतो, मी कालच व्हेनिसहून आलो. कोणी दुकानदार होतो, कोणी गिऱ्हाईक, कोणाचं पाकीट हरवतं. असं खोटं बोलता बोलता भाषा जिभेवर बसते. काकांना हे मान्यच नव्हतं. "जे नाही ते कशाला बोला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "जे आहे तेवढं बोलायलाच शब्द पुरत नाहीत."

आणि ते खरंच, फक्त जे आहे तेवढंच बोलायचे.

इटालियन का शिकताय, हे प्रत्येकानं उभं राहून सांगायचं होतं. कोणाला फॅशनसाठी शिकायचं होतं, कोणाला फुटबॉलसाठी. मी म्हटलं, मला इटलीची चित्रकला आवडते. मला फ्रेंचला प्रवेश मिळाला नव्हता, हे खरं कारण. काकांनी शब्दकोशात बराच वेळ शोधाशोध केली, चष्मा काढला आणि एकेक शब्द तोलून म्हणाले, "मिआ मोल्ये मी आ मांदातो फुओरी दी काझा." माझ्या बायकोनं मला घराबाहेर पाठवलं.

वर्ग हसला. काका हसले नाहीत. तसंच झालं होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी आयुष्यभर बाजारातले काटे तपासले होते. निवृत्त झाल्यावर तपासायला घरच उरलं. दुधाची पिशवी मोजून झाली, कुकरच्या शिट्ट्या मोजून झाल्या, काकूंनी फोनवर बहिणीला सांगितलेल्या गोष्टीतली चूक शेजारच्या खोलीतून सुधारून झाली. काकूंनी सांगितलं, संध्याकाळी घरात दिसायचं नाही. बाकीचे वर्ग भरले होते. इटालियनमध्ये जागा होती.

मी त्यांच्या जोडीला आले ती रिक्षा मिळाली नाही म्हणून. वर्तकनगरहून निघायला पहिल्या दिवशी उशीर झाला आणि आत शिरले तर एकच खुर्ची रिकामी. मॅडमनी त्याच दिवशी जोड्या लावल्या आणि सांगितलं, वर्षभर ह्याच.

हॉटेलातला संवाद मला अजून आठवतो. मी वेटर, काका गिऱ्हाईक.

"बुओनासेरा, सिन्योरे," मी म्हटलं. "काय घेणार आपण?"

"काही नको. मी घरून पिठलं-भात खाऊन आलोय."

"काका, ऑर्डर द्यायची आहे," मी मराठीत कुजबुजले.

"भूक नाही तर कशी देऊ?"

"मासे आहेत. ताजे आहेत."

"मी मासे खात नाही."

"मग पास्ता घ्या!"

काकांनी विचार केला. मग शब्दकोश उघडून त्यांनी मला इटालियनमध्ये सविस्तर सांगितलं, की पास्ता आपण एकदाच खाल्ला, पुतण्याच्या लग्नात, आणि तो पोटाला बाधला. एव्हाना आजूबाजूच्या जोड्यांची बिलं देऊन झाली होती.

पुढच्या आठवड्यात मी घरांची दलाल. काकांना रोममध्ये खोली भाड्यानं हवी. काकांना नको होती. "डोंबिवली पूर्वेला माझं स्वतःचं घर आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, ही खोली उजेडाची आहे. ते म्हणाले, माझीही आहे. मी म्हटलं, इथलं बाथरूम नवीन आहे. इथे मात्र काका पहिल्यांदा खुलले. "दाल सोफित्तो देल मिओ बान्यो गोच्चोला लाक्वा," ते म्हणाले. माझ्या बाथरूमच्या छतातून पाणी गळतं.

हे वाक्य मी वर्षभर ऐकलं. वरच्या मजल्यावरचे शेजारी दुरुस्ती करत नव्हते आणि त्याची झळ आम्ही ठाण्यात सोसत होतो. वर्तमानकाळ शिकवला, पाणी गळतं. भूतकाळ शिकवला, पाणी गळत होतं. भविष्यकाळाला काका अडले. "उद्या गळेलच हे मी कसं सांगू?" मग जरा वेळानं स्वतःच म्हणाले, "नाही, गळेल. मी सोसायटीच्या सेक्रेटरीला ओळखतो."

मला इटालियनमध्ये छत, गळती, प्लंबर, ओल आणि 'हे काम माझं नाही, वरच्यांचं आहे' हे सगळं अस्खलित येऊ लागलं. समुद्रकिनाऱ्यावर कसं बोलायचं ते येईना. जोडीदाराला किनाऱ्यावर न्यावं तर तो म्हणायचा, आपण वर्गात आहोत.

'असं असतं तर' शिकवायची वेळ आली तेव्हा मॅडम मुद्दाम काकांपाशी गेल्या. मला वाटतं त्यांनी घरून तयारी केली होती.

"काका, कल्पना करा. तुम्ही पक्षी असता, तर कुठे गेला असता?"

"मी पक्षी नाही."

"नाहीच आहात. पण असता तर?"

"नाही ना पण."

मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या. खूप वेळ आल्या नाहीत.

वैताग ह्याचाही होता की त्यांचा उच्चार आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला होता. आम्ही इटालियनसुद्धा इंग्रजीच्या चालीवर बोलायचो, जीभ वळवून. काका सरळ मराठी त आणि मराठी द लावायचे आणि इटालियनला तेच लागतं. मॅडम सारख्या म्हणायच्या, "काकांचं ऐका." आम्ही दुसरं करत काय होतो?

नवरात्रात वर्ग सुटल्यावर आम्ही सगळे टेंभी नाक्याला देवीला गेलो. मॅडमनी अट घातली की रांगेत फक्त इटालियन बोलायचं. रोषणाई, ढोल, पाय ठेवायला जागा नाही. मी उत्साहात ओरडून म्हटलं, "आज सगळं ठाणं इथे आलंय!"

"नोन ए वेरो," कानाशी आवाज आला. "तुझी आई घरी आहे. तूच मघाशी सांगितलंस."

देवीसमोर हात जोडून मी काय मागितलं ते सांगत नाही. ते मिळालं नाही. पुढच्या तासाला काका हजर होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होती आणि ती जोडीनं द्यायची होती. त्या गुणांवर एका इटालियन विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळायची होती, वर्षभर तिकडे राहून शिकायला. आमच्या घरात कोणी विमानात बसलेलं नव्हतं. मला ती शिष्यवृत्ती इतकी हवी होती की मी परीक्षेच्या आधी काकांना चहाला नेलं आणि अक्षरशः विनवलं.

"काका, एकच दिवस. कार्डावर जे लिहिलं असेल ते बोला. माझ्यासाठी."

"मी प्रयत्न करीन," काका म्हणाले. मग लगेच, "जमेल असं वाटत नाही."

परीक्षक बाई इटालियन होत्या, पांढऱ्या केसांच्या, बाहेरून आलेल्या. त्यांनी कार्ड दिलं. तुम्ही दोघं शेजारी आहात. एकाचा कुत्रा रात्रभर भुंकतो. दुसरा तक्रार करतो. त्यातल्या त्यात सोपं होतं. मी सुरुवात केली, "सिन्योरे, तुमचा कुत्रा मला झोपू देत नाही."

काकांच्या कपाळावर घाम आला. ते खरंच प्रयत्न करत होते, हे मला दिसत होतं. ओठ दोनदा हलले. मग ते म्हणाले, "माझ्याकडे कुत्रा नाही."

बाई गोड हसल्या. "सिन्योरे, हा खेळ आहे."

"असेल," काका म्हणाले. "पण कुत्रा नाही. सोसायटीत परवानगी नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी कार्ड टेबलावर उलटं टाकलं आणि काकांकडे वळले. मग मी जे बोलले ते पाठ केलेलं नव्हतं. एक वर्ष मी तुमच्याशेजारी बसलेय, मी म्हटलं, इटालियनमध्ये. मी तुम्हाला जेवायला वाढलं, तुम्ही म्हणालात पोट भरलंय. मी तुम्हाला रोममध्ये घर दाखवलं, तुम्ही मला तुमचं बाथरूम दाखवलंत. मला समुद्र येत नाही, डोंगर येत नाही, मला फक्त तुमचं छत येतं! बाकी सगळे हसतात, खेळतात, शिकतात, आणि मी तुमच्याबरोबर खरं बोलत बसते! मी दमलेय! "सोनो स्तांको!"

"स्तांका," काका म्हणाले. "स्तांको पुरुष म्हणतात."

"बास्ता!" मी ओरडले. "तुमच्याशेजारी कोणालाही बसायचं नसतं, माहितीये तुम्हाला?"

"लो सो," काका म्हणाले. म्हणजे, माहीत आहे. मग शांतपणे, एकही चूक न करता ते पुढे म्हणाले, "पहिल्या दिवशी तू उशिरा आलीस. हीच खुर्ची उरली होती."

परीक्षक बाईंनी लिहायचं थांबवलं होतं. माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ग्रात्सिए. पुरे."

बाहेर येऊन मी जिन्यात रडले. शिष्यवृत्ती गेली, हे मी धरूनच चालले होते.

निकाल लागला तर तोंडीत मी पहिली. मॅडमनी फोन केला. परीक्षक बाईंनी शेरा दिला होता, ही मुलगी भाषेत विचार करते. मी आनंदानं वसाहतीच्या आवारात अक्षरशः नाचले. संध्याकाळी मॅडमचा पुन्हा फोन आला. आवाज जरा चमत्कारिक.

"अगं, काका आलेले. तुझ्या गुणांबद्दल तक्रार करायला."

"काय?"

"म्हणाले, कार्डाप्रमाणे संभाषण झालं नाही. ते भांडण होतं. गुण दोघांचेही तपासून घ्या. त्यांचे स्वतःचेसुद्धा."

त्यांचेही चांगले आले होते. परीक्षक बाईंनी गुण बदलायला साफ नकार दिला, म्हणून मी वाचले. काकांचा फोन आला तो मी उचलला नाही. पुढेही उचलला नाही. मला वाटलं, सुटले एकदाची.

शिष्यवृत्ती मिळाली आणि बाबा नाही म्हणाले.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरमध्ये होते. मूळचे आम्ही कोकणातले, चिपळूणकडचे. बाबा ओरडणारे नव्हते. ते नुसते गप्प बसायचे. मी सगळे कागद दाखवले, तिथल्या वसतिगृहाचे फोटो दाखवले. मॅडम फोनवर बोलल्या. माझा मामा येऊन बोलला. सगळ्यांनी सांगितलं, काही काळजी करू नका, सगळं मस्त होईल.

"सगळेच मस्त बोलतात," बाबा म्हणाले. "मॅडम शिकवतात, त्या तुला चांगलंच म्हणणार. मामाला काय कळतं? तुझ्या त्या वर्गात कोणी वयानं मोठं, संसार केलेलं माणूस नाही काय गं? त्यांच्याशी बोललो असतो."

होतं. एकच होतं.

मी काकांना फोन केला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला आणि मधल्या दिवसांबद्दल चकार शब्द काढला नाही. मी त्यांना काय बोलायचं ते सांगितलं. मुलगी हुशार आहे. तिकडे सगळं सुरक्षित असतं. परत आल्यावर नोकरी नक्की.

"तिकडे मी गेलेलो नाही," काका म्हणाले.

"काका, प्लीज."

"येतो मी. रविवारी येतो."

रविवारी ते आले, काकूंना घेऊन. काकूंना मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगण्या, हसऱ्या. दारातच आईचा हात धरून म्हणाल्या, "हे काही बोलले तर मनाला लावून घेऊ नका हो. मी आधीच सांगून ठेवते."

आईनं पोहे केले होते. बाबांनी काकांना पंख्याखालची खुर्ची दिली.

"साहेब, तुम्ही वर्षभर हिच्यासोबत होतात," बाबा म्हणाले. "कशी आहे अभ्यासात?"

"अभ्यासाला बरी आहे. उतावळी आहे. चिडली की लिंग चुकते."

मी भिंतीकडे बघितलं.

"परीक्षेत हिनं मला शिव्या दिल्या," काका पुढे म्हणाले.

बाबांनी बशी खाली ठेवली. "काय दिल्या?"

"शिव्या म्हणजे, बोलली. वर्षभर माझ्याशेजारी बसून दमले असं म्हणाली. एक चूक होती. बाकी म्हणाली ते खरं होतं."

काकूंनी हळूच मान हलवली.

"तिकडे जमेल हिला?"

"माहीत नाही. पहिले काही महिने जड जाईल. भाषा येते, पण तिकडची माणसं भराभर बोलतात. मॅडमच म्हणाल्या, त्याही आधी रडायच्या."

"नोकरीचं काय?"

"त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. भांडी घासावीत, ओट्यावर डोकं आपटावं, काय करावं कळेना. ह्या माणसाला मी स्वतः फोन करून बोलावलं होतं. आई दबक्या आवाजात म्हणाली, "कोणाला आणलंस गं हे?"

मग बाहेर बाबांनी जे विचारलं ते ऐकून मी डोळे मिटले. उत्तर मला पाठ होतं.

"साहेब, तुमची मुलगी असती, तर पाठवली असती?"

"मला मुलगी नाही," काका म्हणाले.

झालं, मी मनात म्हटलं.

"मुलगा आहे," काकांचा आवाज पुन्हा आला. "बारावीनंतर त्याला जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण घ्यायचं होतं. त्याची निवड झालेली. मी सांगितलं, समुद्राची खात्री कोणी देऊ शकत नाही. गेला नाही तो. कल्याणला एका ऑफिसात आहे. चांगला आहे. दर रविवारी येतो. जेवतो, टीव्ही बघतो, आईशी बोलतो आणि जातो."

मी दारात आले. काका गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसले होते, वर्गात बसायचे तसे.

"तुमच्याशी बोलत नाही?" बाबांनी विचारलं.

"विचारलं तर उत्तर देतो."

"म्हणजे हिला पाठवू म्हणता?"

"ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे झालं ते मी सांगितलं."

काकू पदर सावरत म्हणाल्या, "चहा गार झाला वाटतं." आईनं चहा पुन्हा गरम केला. तो पिऊन होईपर्यंत बाबा आणि काका वरच्या मजल्याच्या गळतीबद्दल बोलले. आमच्याकडेही होती, पण ते मला त्या दिवशीच कळलं.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. काकू आत बसल्या. मला हसावं की भांडावं ते कळत नव्हतं, म्हणून म्हटलं, "काका, थँक यू."

"कशाबद्दल? मी पाठवा म्हटलं नाही."

"म्हणजे मी जाऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

"तेही म्हटलं नाही."

"अहो मग म्हणायचंय तरी काय तुम्हाला?" मी रस्त्यात ओरडले. दोन माणसं वळून बघायला लागली.

काका रिक्षात बसले. मीटर शून्यावर आहे का ते वाकून बघितलं. रिक्षा सुरू होता होता काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी अडतीस वर्षं हेच विचारतेय गं."

मी पाय आपटत जिना चढले. घरात टीव्ही बंद होता. रविवारी संध्याकाळी आमच्या घरात टीव्ही कधी बंद नसतो. आई माळ्याखाली स्टूल धरून उभी होती आणि बाबा स्टुलावर चढून माळ्यावरची जुनी गोधडी ओढून काढत होते. मला बघून त्यांनी वरूनच विचारलं,

"तिकडं थंडी किती असते गं?"